ग्रामीण प्राथमिक शाळा आणि संगणक : वृत्तीचा विचार

ग्रामीण भागातील अनेक प्राथमिक शाळांत आज संगणक पोचला आहे. कोठे तो शासनाच्या योजनेतून आला, कोठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, तर कोठे गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून. तथापि शाळेत संगणक असणे आणि मुलांच्या शिक्षणात संगणक असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली गोष्ट डेडस्टॉक रजिस्टरातील एका ओळीने सिद्ध होते. दुसरी सिद्ध होण्यास वर्गातील पाठ लागतो. या दोहोंमध्ये जे अंतर राहते त्याची कारणे शोधू गेल्यास वीज, दुरुस्ती व निधी ही कारणे प्रथम पुढे येतात, आणि ती खोटी नाहीत. परंतु वीज आहे, यंत्र चालू स्थितीत आहे, आणि तरीही त्यावरचे कापड आठवडेच्या आठवडे निघत नाही, अशाही शाळा असतात. तेथे कारण यंत्रात नसून यंत्राविषयीच्या वृत्तीत असते. प्रस्तुत लेखात या वृत्तीचा, तिच्या परिणामांचा आणि ती बदलण्याच्या मार्गांचा विचार केला आहे.

वृत्तीचे स्वरूप

संगणकाविषयीची माणसाची वृत्ती मोजण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेतील ब्रेंडा लॉइड व क्लॅरिस ग्रेसार्ड या संशोधकांनी १९८४ साली केला. त्यांनी या वृत्तीचे तीन घटक मानले : यंत्राची धास्ती, यंत्र हाताळण्याविषयीचा आत्मविश्वास आणि यंत्राची आवड. ज्ञान आणि वृत्ती यांत त्यांनी केलेला हा भेद शिक्षकाने ध्यानी ठेवण्यासारखा आहे. एखाद्यास संगणकाची पुष्कळ माहिती असूनही त्याची धास्ती जात नाही. उलट, एखाद्यास माहिती थोडी असली तरी हात लावून पाहण्याचे धैर्य असते. प्रशिक्षणवर्गात माहिती देता येते. धैर्य मात्र वापरानेच येते.

ग्रामीण शाळेच्या परिस्थितीत या वृत्तीची तीन रूपे विशेषेकरून आढळतात. त्यांस भय, भक्ती आणि उदासीनता अशी नावे देता येतील.

भय

भयाचे पहिले कारण म्हणजे यंत्र बिघडेल ही शंका. वस्तू महागाची, तिची जबाबदारी मुख्याध्यापकांवर, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती करणारा तालुक्याच्या गावी. म्हणून ती कुलुपात सुरक्षित ठेवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कुलुपात ठेवलेले यंत्र सुरक्षित राहते हा समज बरोबर नाही. धूळ, दमट हवा, उंदीर व वापराविना निकामी होणारी बॅटरी ही वापरणाऱ्या मुलांच्या हातांपेक्षा यंत्राचे अधिक नुकसान करतात.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. वर्गातील एखाद्या मुलास आपल्यापेक्षा अधिक येत असेल, आणि ते सर्वांसमोर उघड होईल, अशी भीती अनुभवी शिक्षकांसही वाटते. या भीतीचा उगम शिक्षकाच्या भूमिकेविषयीच्या एका जुन्या कल्पनेत आहे. शिक्षक म्हणजे सर्व काही जाणणारा, असे मानले की अज्ञान ही लाजेची बाब ठरते. वास्तविक शेतीचा पाठ घेताना शिक्षक शेतकऱ्याच्या मुलास पेरणीविषयी विचारतोच. त्यात त्याचा कमीपणा होत नाही. यंत्राच्या बाबतीतही कळा दाबण्याचे कौशल्य मुलाकडे असू शकेल. परंतु कोणता प्रश्न विचारावा, मिळालेले उत्तर कसे पडताळावे आणि त्याचा उपयोग कोठे करावा, हे सांगण्याचे काम शिक्षकाचेच राहते.

तिसरे कारण इंग्रजीचे. भारतातील शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४-८५ साली ‘क्लास’ या नावाने झाला. त्यात सुमारे २५० निवडक माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांस ब्रिटिश बनावटीची ‘बीबीसी मायक्रो’ ही यंत्रे देण्यात आली. त्या काळी संगणक म्हणजे इंग्रजी हे समीकरण मनात बसले, आणि परिस्थिती बदलली तरी ते समीकरण पुसले गेले नाही. आज मराठीत लिहिणे व वाचणे कोणत्याही संगणकावर शक्य आहे. त्याची रीत पुढे दिली आहे.

भक्ती

भयाच्या अगदी उलट वाटणारी दुसरी वृत्ती भक्तीची. यंत्र आले की शिक्षण आपोआप सुधारेल, अशी श्रद्धा तिच्या मुळाशी असते. उद्‌घाटनास नारळ फुटतो, हार घातला जातो, आणि पुढील काम यंत्राने करावे अशी अपेक्षा राहते.

या दोन टोकांचे उदाहरण एकाच देशात, एका वर्षाच्या अंतराने दिसले. प्रत्येक मुलास एक छोटा लॅपटॉप द्यावा अशी आंतरराष्ट्रीय चळवळ त्या सुमारास जोरात होती. २००६ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने, अशा साधनांपेक्षा वर्गखोल्या व शिक्षक यांची निकड अधिक आहे, अशी भूमिका घेऊन या कल्पनेस नकार दिला. पुढच्याच वर्षी, २००७ साली, रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात येथील लहानशा एकशिक्षकी प्राथमिक शाळेत या लॅपटॉपांचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. यंत्रावाचून चालेल, असा एक पक्ष. यंत्रावाचून चालणार नाही, असा दुसरा. वर्गात त्या यंत्राने नेमके काय करावयाचे, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या वादात मागे पडला.

या प्रश्नाचे उत्तर न शोधता यंत्रे वाटल्यास काय होते, हे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या अनुभवावरून समजते. तेथे शासनाने ग्रामीण शाळांतील मुलांस असेच लॅपटॉप मोठ्या संख्येने दिले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ज्या शाळांस लॅपटॉप मिळाले नव्हते तेथे दर विद्यार्थ्यामागे ०.१२ संगणक होते, तर लॅपटॉप मिळालेल्या शाळांत हे प्रमाण १.१८ होते, म्हणजे मुलांपेक्षा यंत्रे अधिक झाली. तरी गणितात व भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. सामान्य आकलनशक्तीच्या काही कसोट्यांत मात्र थोडा लाभ दिसला. कोलंबिया देशातील ९७ शाळांच्या अभ्यासातही २००९ साली असेच चित्र पुढे आले. तेथे यंत्रांचा उपयोग मुख्यतः संगणक चालवावयास शिकविण्यासाठी होत होता. भाषेच्या पाठात त्यांस स्थान मिळावे हा मूळ हेतू बाजूस राहिला होता.

उदासीनता

तिसरी वृत्ती उदासीनतेची. ‘मुलांस अजून धड वाचता येत नाही, तेथे संगणक कशास?’ हा प्रश्न ती विचारते. या प्रश्नात तथ्य आहे, आणि तो उडवून लावणे योग्य नाही. वाचन, लेखन व अंकगणित यांच्या पायावाचून संगणकावरील काम पोकळ ठरते. परंतु नीट योजना केल्यास हा पाया घालण्याच्या कामीच यंत्र उपयोगी पडते, याचा पुरावा वडोदरा येथे मिळाला.

गुजरात शासनाने २००० साली वडोदऱ्यातील सुमारे १०० महानगरपालिका प्राथमिक शाळांस प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनंतर पाहता फारच थोड्या शाळांत ते वापरात असल्याचे आढळले. पुढे ‘प्रथम’ या संस्थेने त्याच यंत्रांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ आणले. आठवड्यातून दोन तास, एका यंत्रावर दोन मुले, आणि जवळ मार्गदर्शक, अशी व्यवस्था होती. मुलाचे उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न कठीण होई. गणितातील प्रगती दोन्ही वर्षी स्पष्ट दिसून आली. दोन गोष्टी मात्र ध्यानात घेण्याजोग्या आहेत. भाषेत त्याचा लाभ झाला नाही, कारण सराव गणिताचा होता. आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात गणितातील लाभाचाही बराच भाग ओसरला. जे शिकविले तेच येते आणि सराव थांबला की विसर पडतो, हा नियम फळ्याला लागू आहे तसाच संगणकालाही लागू आहे.

गुजरातमधीलच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत झालेला दुसरा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकाच्या नेहमीच्या अध्यापनाचा वेळ काढून घेऊन तो यंत्रास दिला, तेव्हा मुलांची प्रगती घटली. शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून यंत्र दिले, तेव्हा लाभ झाला. संगणक हा अध्यापनास पूरक आहे. अध्यापनाची जागा तो भरून काढीत नाही.

या सर्व अनुभवांतून निघणारे सार असे : प्रथम मुलास काय येत नाही हे पाहावे, मग ते शिकविण्यास यंत्राची मदत होईल काय हे ठरवावे, आणि होत असेल तरच यंत्र सुरू करावे. हा क्रम पाळल्यास भय, भक्ती व उदासीनता या तिन्ही वृत्तींस आपोआप आळा बसतो.

संगणक-साक्षरता म्हणजे काय

संगणक-साक्षरता म्हणजे यंत्र सुरू-बंद करता येणे, इतकाच अर्थ घेतला जातो. हा अर्थ फार अपुरा आहे. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी एका भिंतीत संगणक बसविला आणि वस्तीतील मुलांस तो मोकळा ठेवला. कोणी न शिकविता मुले तो हाताळू लागली. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे प्रयोग झाले. या प्रयोगांतून शिक्षणाविषयी काढलेल्या मोठ्या निष्कर्षांवर मतभेद आहेत. परंतु यंत्र हाताळणे मुले एकमेकांपासून लवकर शिकतात, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. मग जे आपोआप येते त्यावर शाळेचा मोलाचा वेळ खर्च करण्याचे कारण उरत नाही. शाळेने पुढील तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली, स्वतःचे विचार यंत्रावर स्वतःच्या भाषेत लिहिता येणे. दुसरी, मिळालेली माहिती खरी की खोटी याची पारख करता येणे. आज विचारलेल्या प्रश्नास सफाईदार वाक्यांत उत्तर देणारी यंत्रे उपलब्ध झाली आहेत, आणि त्यांची उत्तरे चुकीची असू शकतात. त्यामुळे ही पारख पूर्वीहून अधिक आवश्यक झाली आहे. तिसरी, स्वतःचे व घरच्यांचे रक्षण. म्हणजे अनोळखी व्यक्तीस नाव, पत्ता, छायाचित्र किंवा वडिलांच्या बँकेचा सांकेतिक क्रमांक न देणे.

मराठी कळफलक

इंग्रजीचे भय घालविण्यास ‘इनस्क्रिप्ट’ या कळफलकासारखे साधन नाही. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ सालच्या मानकात त्याचा समावेश झालेला आहे, आणि नेहमीच्या संगणकात तो विनामूल्य उपलब्ध असतो. त्याची रचना वर्णमालेस धरून आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताकडे असून बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘क’ ज्या कळीवर आहे तीच कळ शिफ्टसह दाबली असता ‘ख’ उमटतो. ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ या जोड्यांचीही तीच रीत. साध्या दाबाने मात्रा, तर शिफ्टसह स्वर उमटतो. जसे, ‘ी’ व ‘ई’ एकाच कळीवर आहेत. जोडाक्षर लिहिताना पहिले व्यंजन, मग हलन्त, मग दुसरे व्यंजन दाबावे.

ज्या मुलास मुळाक्षरे येतात त्यास या कळफलकाचे अर्धे ज्ञान अगोदरच झालेले असते. शिक्षकाने पुठ्ठ्यावर कळफलकाचे मोठे चित्र काढून वर्गात टांगावे. यंत्र बंद असताना, किंबहुना वीज नसतानाही, मुलांस त्यावर बोटे ठेवून स्वतःचे नाव व गावाचे नाव ‘लिहिण्याचा’ सराव करता येतो. या सरावात जोडाक्षरांचे पृथक्करण होत असल्याने शुद्धलेखनासही मदत होते.

एक नमुना पाठ

इयत्ता पाचवी; विद्यार्थी २४; संगणक एक. विषय : गावातील पाऊस.

पूर्वतयारी : सरळ बाजूंचा डबा शाळेच्या आवारात, झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावा. आठवडाभर रोज सकाळी ठरलेल्या वेळी मुलांनी पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून वहीत नोंदवावी व डबा रिकामा करावा. सात दिवसांच्या नोंदींवरून प्रत्येकाने चौकटीच्या कागदावर हाताने स्तंभालेख काढावा.

पाठ : दोघादोघांच्या १२ जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीस १० मिनिटे याप्रमाणे ४० मिनिटांच्या तीन तासांत सर्वांची पाळी येते. जोडीने सात अंक तक्त्यात भरून यंत्राकडून स्तंभालेख काढून घ्यावा व तो आपल्या हातच्या आलेखाशी ताडून पाहावा. उरलेल्या मुलांनी त्या वेळी आठवड्याच्या पावसाची बेरीज व सरासरी काढावी, आणि ‘या आठवड्यातील पाऊस’ या विषयावर पाच ओळी लिहाव्यात.

पारख : शेवटच्या तासाला शिक्षकाने मुद्दाम १२ या अंकाऐवजी १२० हा अंक भरावा. एक स्तंभ एकदम उंच झालेला मुले पाहतील. ‘यंत्र चुकले काय?’ असे विचारावे. यंत्राने दिलेला अंक खरा मानला, एवढेच झाले, हे मुलांच्याच तोंडून येऊ द्यावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर एका दिवसात १२० मिलिमीटर पाऊस पडूही शकतो. म्हणून आलेखाकडे नुसते पाहून चूक ठरविता येत नाही. त्यासाठी वहीतील नोंद पाहावी लागते. यंत्राच्या पडद्यापेक्षा स्वतः मोजून केलेली नोंद श्रेष्ठ, हा धडा मुलांच्या मनावर या एका उदाहरणाने ठसतो. संगणक-साक्षरतेचे मर्म तेच होय.

या पाठात भूगोल, गणित व भाषा हे तिन्ही विषय येतात. पाठ टाचणात संगणकाचा उल्लेख साधन म्हणून करावा. उद्दिष्टाच्या रकान्यात त्याचे नाव घालू नये.

मुलींचा वाटा

जोड्या पाडताना एक दक्षता घ्यावी. मुलगा व मुलगी यांची जोडी असल्यास माऊस मुलाच्या हाती जातो आणि मुलगी पाहत राहते, असे पुष्कळदा घडते. पाच मिनिटांनी हात बदलण्याचा नियम करावा व तो काटेकोरपणे पाळावा. या दक्षतेचे महत्त्व आकड्यांवरून स्पष्ट होते. ‘असर’च्या २०२३ सालच्या ग्रामीण पाहणीत, २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत, १४ ते १८ वयाच्या व स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे, तर तशा मुलींपैकी केवळ १९.८ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. घरी जे यंत्र भावाच्या हाती असते ते शाळेत तरी बहिणीच्या हाती यावे, ही जबाबदारी शाळेची आहे.

पालकांशी संवाद

पालकांच्या वृत्तीतही भय व भक्ती यांचे मिश्रण असते. शाळेत संगणक हवा, असे ते आग्रहाने सांगतात. पण घरी मूल फोन घेऊन बसले की त्यांस काळजी वाटते. ही काळजी रास्त आहे. ‘असर’च्या २०२४ सालच्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांस स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो शिक्षणासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. यंत्र मुलांच्या हाती पोचलेच आहे. ते कशासाठी वापरावे हे शेजारी बसून सांगणारे माणूस मात्र घरी असेलच असे नाही. शेतावर, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. शाळेतील संगणकाची खोली बंद राहिली, तर अशा मुलास यंत्राचा सदुपयोग दाखविणारे दुसरे ठिकाण बहुधा मिळत नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मुलांनी केलेला पावसाचा आलेख भिंतीवर लावावा व तो मुलांनीच पालकांस समजावून सांगावा. खरेदीच्या पावतीपेक्षा अशा आलेखाने पालकांस अधिक समाधान वाटेल.

समारोप

फळा जेव्हा शाळेत नवा होता तेव्हा त्याचीही अपूर्वाई असेल. आज कोणी फळ्याची पूजा करीत नाही व त्यास भीतही नाही. खडू हाती घेऊन शिक्षक सरळ लिहू लागतो. संगणकाविषयी अशीच सहजता ग्रामीण शिक्षकाच्या ठायी येणे इष्ट आहे. त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवड्यातून एक पाठ, एक निश्चित उद्देश, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्यास येणारी काही मिनिटे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील संगणक गेल्या महिन्यात किती तास मुलांच्या हाती होता? तो बंद राहिला असल्यास वीज, दुरुस्ती व वृत्ती यांपैकी कोणते कारण प्रमुख होते?

२. आपल्या वर्गातील मुलांस गणितात किंवा भाषेत कोणती एक गोष्ट येत नाही? ती शिकविण्यास यंत्राची मदत होईल काय? होणार नसल्यास दुसरे कोणते साधन योग्य ठरेल?

३. द्विशिक्षकी शाळेत एका जोडीची पाळी चालू असताना इतर इयत्तांस कोणते काम देता येईल?

४. मुली व मुलगे यांस सारखा वेळ मिळतो किंवा नाही, याची नोंद कशी ठेवावी?

५. पावसाच्या पाठाप्रमाणे आपल्या गावातील पीक, बाजार, विहिरीची पाणीपातळी यांपैकी एक विषय घेऊन पाठ टाचण तयार करावे व पुढील परिषदेत सादर करावे.